डॉ. ओगले विरुद्ध डॉ. रिसबूड

शरच्चंद्र रिसबूड यांनी चौतीस वर्षांच्या नोकरीत एकही फॉर्म चुकीचा भरला नव्हता, आणि हे ते स्वतःच सांगत असल्यामुळे त्यावर शंका घेण्याचं कारण नव्हतं. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात ते तपासणी विभागात होते. दुसऱ्यांनी केलेल्या वस्तूत खोट काढायची, ती लिहून द्यायची आणि संध्याकाळची बस पकडायची, असं त्यांचं काम. मे २००९ मध्ये ते निवृत्त झाले. जूनच्या पहिल्या आठवड्यात त्यांनी नारायण पेठेतल्या आपल्या फ्लॅटमधले सगळे नळ, कड्या आणि बिजागऱ्या तपासून दोषांची यादी पत्नीला सादर केली. दुसऱ्या आठवड्यात तपासण्यासारखं काही उरलं नाही. नेमक्या त्याच आठवड्यात पत्नीच्या कॉलेजात प्राध्यापकाची जागा निघाली. पुढे जे झालं त्याला मुख्यतः हा योगायोगच जबाबदार आहे, असं शरच्चंद्रांचं आजही म्हणणं आहे.

डॉ. सुहासिनी रिसबूड एका ट्रस्टच्या वैद्यकीय महाविद्यालयात किरणोपचार विभागात सहयोगी प्राध्यापक होत्या. कॅन्सरच्या रुग्णाला किरणं किती द्यायची, कुठून द्यायची आणि कुठे थांबायचं, हे त्या ठरवत. विभागात प्राध्यापकाची खुर्ची एकच. आधीचे प्राध्यापक तिच्यात चौदा वर्षं बसले होते. बाई चोपन्न वर्षांच्या होत्या आणि साठाव्या वर्षी निवृत्त होणार होत्या, तेव्हा ही संधी गेली तर दुसरी येणार नव्हती. शिवाय विभागासाठी नवं यंत्र यायचं होतं, आणि ते कोणतं घ्यायचं हे नवा प्राध्यापक ठरवणार होता.

“जुन्या यंत्रावर मी अठरा वर्षं पेशंटची माफी मागतेय,” सुहासिनीबाई जेवताना म्हणाल्या. “गाठ जाते, पण शेजारचं आतडंही भाजतं. चांगलं यंत्र मिळालं तर आतडं वाचेल. कोणतं घ्यायचं ते मला माहीत आहे. अभिनवला मोठ्या स्क्रीनचं हवंय.”

डॉ. अभिनव हे दुसरे उमेदवार. वय अडतीस, शोधनिबंध बावीस, आणि प्रत्येक निबंधाला लेखक अकरा.

“अट काय आहे?” शरच्चंद्रांनी विचारलं. अट या शब्दाने त्यांना फार दिवसांनी हुरूप आला होता.

“बारा निबंध हवेत. माझे नऊ आहेत. आणि तिचे चार.”

“तिचे म्हणजे कोणाचे?”

“नम्रताचे.”

१९८३ साली लग्न होईपर्यंत बाई डॉ. नम्रता विनायक ओगले होत्या. एका मोठ्या रुग्णालयाच्या पोटविकार विभागात त्या संशोधन करत, आणि तीन वर्षांत त्यांचे चार निबंध छापून आले होते. एक आतड्याच्या क्षयावर, दोन आमांशावर आणि एक किरणोपचारानंतर सुरू होणाऱ्या जुलाबांवर. बघण्याच्या कार्यक्रमात संशोधनाचा विषय विचारला गेला तेव्हा त्यांनी तो सांगितला आणि शरच्चंद्रांच्या काकांनी हातातली पोह्यांची बशी खाली ठेवली. तरीही लग्न ठरलं.

सासरी आल्यावर ताटात तांदूळ पसरून त्यात नवऱ्याने अंगठीने नव्या सुनेचं नवं नाव लिहायचं, अशी पद्धत होती. नाव बदललंच पाहिजे असा रिसबूडांचा हट्ट नव्हता. अडचण व्यवहाराची होती. शरच्चंद्रांच्या धाकट्या बहिणीचं नावही नम्रता होतं, आणि एका घरात दोन नम्रता असल्या तर हाक मारल्यावर दोघी येतील किंवा एकही येणार नाही, असं त्यांच्या आईचं मत पडलं. म्हणून सुहासिनी. तीन आठवड्यांनी बहिणीचं लग्न झालं आणि तिच्या सासरच्यांनी तिची मृणालिनी केली. त्यानंतर रिसबूडांच्या घरात नम्रता म्हणून कोणीच उरलं नाही, पण तोवर ताटातले तांदूळ शिजवून खाल्ले गेले होते.

पुढे सुहासिनीबाईंनी किरणोपचारात एम.डी. केलं आणि नव्या नावाने नव्या विषयात नऊ निबंध लिहिले. नऊ आणि चार तेरा. प्रश्न फक्त तेरा निबंध एकाच बाईचे आहेत हे दाखवण्याचा होता.

“ते तू माझ्यावर सोड,” शरच्चंद्र म्हणाले.

सुहासिनीबाईंना सकाळी आठपासून रुग्ण असत. त्यांनी ते सोडलं.

कॉलेजच्या आस्थापना विभागाचे प्रमुख पोपटराव झांबरे मूळचे खराडीचे. त्यांच्या वडिलांच्या ज्वारीच्या रानात आता सात मजली काचेची इमारत उभी होती, आणि तिच्या चौथ्या मजल्यावर शरच्चंद्रांची मुलगी सृष्टी सॉफ्टवेअर लिहीत बसे. पोपटराव नोकरी करत ते निव्वळ आवड म्हणून. त्यामुळे त्यांच्यावर कशाचाही दबाव आणता येत नसे.

“साहेब, मॅडमला आमी वीस वर्सं ओळखतो,” पोपटराव म्हणाले. “फाइल ओळखत नाय.”

“मेडिकल कौन्सिलच्या नोंदणीत दोन्ही नावं आहेत.”

“ते कौन्सिलला चालतं.”

“लग्नाचा दाखला?”

“त्यानं लगीन झालं येवढंच कळतंय. पेपर कुणी लिव्हलं ते कुठं कळतंय?”

शरच्चंद्रांना राग यायला हवा होता, पण आला तो आदर. त्यांच्या विभागात असा माणूस असता तर त्यांनी त्याला आपल्या शेजारची खुर्ची दिली असती.

घरी परतेपर्यंत बातमी जिन्यात पोचली होती. तळमजल्यावरच्या गोदाबाई दारातच बसलेल्या असत आणि वर जाणाऱ्या प्रत्येकाकडून थोडी थोडी माहिती घेऊन दुपारपर्यंत ती पूर्ण करत.

“अरे शरद, एवढं कशाला हिंडतोस? लग्नाचा अल्बम ने की. ताटातलं नाव आहे ना फोटोत!”

दुसऱ्या मजल्यावरचे श्यामराव जिल्हा न्यायालयातून निवृत्त झाले होते. ते म्हणाले, “फोटो हा पुरावा नाही. फोटोसोबत फोटोग्राफरचं प्रतिज्ञापत्र लागेल.”

“तो वारला.”

“मग त्याच्या मृत्यूचा दाखला लागेल,” श्यामराव म्हणाले. विषय आवाक्यात येत असल्याचं समाधान त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

अल्बम माळ्यावरून काढला गेला. ताटाचा फोटो होता. तांदूळ होते, अंगठी होती, तरुण शरच्चंद्र होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर अचूक काम करणाऱ्या माणसाची एकाग्रता होती. पोपटरावांनी फोटो खिडकीपाशी नेऊन बराच वेळ पाहिला.

“‘सुहा’ दिसतंय. फुडचं कुठाय?”

“आत्याच्या कोपराखाली.”

“आत्या हाइत का?”

“नाहीत.”

“मग कोपर काय आता हलत नाय,” पोपटराव म्हणाले आणि अल्बम अदबीने मिटून परत दिला. “साहेब, तुमी सरळ राजपत्रात छापून आना. दोन नावं, एक बाई. सरकारनं छापलं की माजं तोंड बंद.”

अर्जाची शेवटची तारीख एकतीस ऑगस्ट होती. शरच्चंद्रांनी सरकारी मुद्रणालयातून फॉर्म आणला आणि श्यामरावांच्या मार्गदर्शनाखाली प्रतिज्ञापत्राच्या पाच प्रती केल्या. एक प्रत लागत होती. उरलेल्या चार कशासाठी, हे श्यामरावांनी सांगितलं नाही, पण ते कोर्टात तेहेतीस वर्षं होते.

फॉर्म शरच्चंद्रांनी रविवारी सकाळी अंघोळ करून, टेबल पुसून, निळ्या शाईने भरला. त्यात दोन रकाने होते. डावीकडे ‘बदलापूर्वीचे नाव’ आणि उजवीकडे ‘बदलानंतरचे नाव’. मथळे त्यांनी वाचले नाहीत असं नाही. ते त्यांनी मोठ्याने वाचले. पण चौतीस वर्षं त्यांनी जो दोष-अहवाल भरला त्यालाही दोनच रकाने होते. डावीकडे वस्तू सापडली तशी, आणि उजवीकडे ती असायला हवी तशी. हाताने ते स्वतंत्रपणे ठरवलं असावं. बाई सापडल्या होत्या सुहासिनी शरच्चंद्र रिसबूड अशा. पोपटरावांना हव्या होत्या नम्रता विनायक ओगले. शरच्चंद्रांनी सापडलेलं डावीकडे लिहिलं, हवं असलेलं उजवीकडे लिहिलं, तीन वेळा तपासलं आणि समाधानाने चहा मागितला.

सही घ्यायला ते विभागात गेले. सुहासिनीबाई एका रुग्णाच्या पोटावर निळ्या पेनने खुणा करत होत्या.

“वाचायचंय का?”

“तुम्ही भरलाय ना?” असं म्हणून त्यांनी त्याच पेनने सही केली. सहकाऱ्याचा निबंध स्वल्पविरामासकट तीनदा वाचल्याशिवाय त्या कधी सही करत नसत. हे इथे नोंदवण्याचं कारण एवढंच, की पुढे दोष कोणाचा यावर त्या घरात जी चर्चा झाली तिच्यात हा मुद्दा शरच्चंद्रांनी मांडला होता आणि तो फारसा टिकला नाही.

श्यामरावांच्या सल्ल्याने शरच्चंद्रांनी त्याच मजकुराची एक जाहिरातही वर्तमानपत्रात दिली. कायद्याने ती लागत होती का, याबद्दल श्यामराव म्हणाले, “लागत नाही. पण असलेली बरी.”

ती बावीस ऑगस्टला, शनिवारी छापून आली. ‘मी, सुहासिनी शरच्चंद्र रिसबूड, यापुढे नम्रता विनायक ओगले या नावाने ओळखली जाईन याची सर्व संबंधितांनी नोंद घ्यावी.’ नारायण पेठेत सर्व संबंधितांनी सकाळी सव्वासातपर्यंत नोंद घेतली.

शरच्चंद्र दूध घेऊन वर येत होते. गोदाबाईंनी त्यांचा हात धरला.

“शरद, तुझ्या आईला मी शब्द दिला होता तुझ्याकडे लक्ष ठेवीन म्हणून. कुठे कमी पडलास रे?”

“कशात?”

“असू दे. सांगायचं नसेल तर नको सांगूस. जेवायला माझ्याकडे येत जा.”

दुसऱ्या मजल्यावर श्यामराव हातात पेपर घेऊन उभे होते. त्यांनी आवाज खाली आणला. “रिसबूड, परस्पर संमतीने आहे की एकतर्फी? एकतर्फी असेल तर माझ्याशी आधी बोलायचं होतंत. फ्लॅट कोणाच्या नावावर आहे?”

शरच्चंद्रांनी दूध जिन्याच्या पायरीवर ठेवलं आणि जाहिरात वाचली. मग चष्मा पुसून पुन्हा वाचली. तपासणी अधिकाऱ्याला दोष सापडतो तेव्हा त्याला एक बारीकसा आनंद होत असतो. तो आनंद त्यांना सवयीने झाला, आणि त्यानंतर दोष कोणाचा हे कळलं.

सृष्टी उठली तोवर तिच्या मोबाइलवर दोन आत्यांचे आणि एका काकांचे मेसेज आलेले होते. “बाबा, सीरियसली? मला पेपरमधून कळणार हे?” मग तिने नीट वाचलं आणि ती जमिनीवर बसून हसू लागली. “बाबा, तुम्ही आईला रोलबॅक केलंत! डायरेक्ट एटीथ्रीच्या आधीचं व्हर्जन!”

“हसायचं काय आहे त्यात?” शरच्चंद्र म्हणाले. ते फार शांत होते. सासऱ्यांना सोडायला स्टेशनवर जाऊन चुकीच्या गाडीत बसवून दिलं होतं तेव्हाही ते असेच शांत होते. ती मात्र रेल्वेची चूक होती.

सुहासिनीबाईंनी जाहिरात उभ्या उभ्या वाचली, डबा पिशवीत ठेवला आणि चपला घातल्या. “दुरुस्तीला किती दिवस?”

“सहा आठवडे.”

“आणि अर्जाला?”

“नऊ दिवस.”

“बरं,” त्या म्हणाल्या आणि रुग्ण बघायला गेल्या. एवढ्या कमी शब्दांत शरच्चंद्रांना याआधी कोणी रागावलं नव्हतं.

सत्तावीस तारखेला राजपत्राची प्रत मिळाली. पोपटरावांनी ती आधी वरून खाली वाचली आणि मग डावीकडून उजवीकडे.

“साहेब, हे उलटं हाय.”

“हो.”

“म्हंजी सुहासिनी मॅडम संपल्या, आन् नम्रता मॅडम चालू झाल्या.”

“हो. पण,” शरच्चंद्र म्हणाले. या ‘पण’साठी त्यांनी तीन रात्री विचार केला होता. “दोन नावं, एक बाई, हे तर सरकारने छापलं ना? दिशा काही का असेना.”

पोपटरावांनी प्रत आता उजवीकडून डावीकडे वाचली. “खरं हाय,” ते शेवटी म्हणाले. “पुन्याला जानारा रस्ता पुन्याहून येतोच. तेरा पेपर धरतो मी. फकस्त अर्ज ओगले बाईंच्या नावानं करा. रिसबूड बाई आता नाइत.”

अर्ज डॉ. नम्रता विनायक ओगले यांच्या नावाने वेळेत दाखल झाला आणि शरच्चंद्रांनी सुटकेचा श्वास सोडला. तो त्यांनी जरा लवकर सोडला.

कॉलेजात त्याच वर्षी नवी संगणकप्रणाली बसली होती. तिच्यात नाव बदलण्याची सोय नव्हती, नवं नाव घालण्याची होती. पोपटरावांच्या हाताखालच्या मुलीने ते घातलं. यंत्राने ओगले बाईंना नवा क्रमांक दिला, रुजू होण्याची तारीख म्हणून तो दिवस टाकला आणि अनुभवाच्या घरात शून्य मांडलं. दुसऱ्या दिवशी रखवालदाराने त्यांची गाडी डॉक्टरांच्या जागेवर लावू दिली नाही, आणि तिसऱ्या दिवशी त्यांना नव्या कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणाचं बोलावणं आलं. हजेरी सक्तीची होती.

सृष्टीने घरी संगणकासमोर बसून ते पाहिलं. “बाबा, सिस्टीममध्ये ना, आई फ्रेशर आहे.”

सुहासिनीबाई प्रशिक्षणाला गेल्या आणि दोन परिचारिका व एका लिफ्टमनच्या शेजारी बसल्या. किरणांपासून घ्यायच्या काळजीवर डॉ. अभिनव बोलत होते, आणि मागच्या पडद्यावर सुहासिनीबाईंनीच सहा वर्षांपूर्वी केलेली चित्रं होती. तिसऱ्या चित्राला अभिनवचं लक्ष बाईंकडे गेलं.

“मॅडम! तुम्ही इथे?”

“शिकतेय,” बाई म्हणाल्या. “चालू दे. पुढच्या चित्रात बाण उलटा आहे, तेवढा सांभाळून सांग.”

मुलाखतीच्या आदल्या दिवशी निबंधांची चळत शरच्चंद्रांकडे आली. तेराही निबंध त्यांनी तारखेप्रमाणे लावायला घेतले आणि लावता लावता वाचले. कळत फारसं नव्हतं. पण १९९६ च्या निबंधात एक ओळ त्यांना सरळ कळली. रिसबूड यांनी लिहिलं होतं, ‘ओगले यांनी १९८२ मध्ये काढलेला निष्कर्ष अपुऱ्या पुराव्यावर आणि घाईने काढलेला दिसतो.’

ते निबंध हातात घेऊन स्वयंपाकघरात गेले. “अगं, हे काय?”

“काय?”

“ओगले म्हणजे तूच ना?”

“हो.”

“मग स्वतःलाच घाईने काय, अपुरा काय! निदान मोघम तरी लिहायचं.”

“मोघम कशाला? चुकलंच होतं,” बाई कोथिंबीर चिरता चिरता म्हणाल्या. “कोणी दुसऱ्याने लिहिण्यापेक्षा आपण लिहिलेलं बरं. आणि त्या वेळी नाव वेगळं होतं. कोणाच्या लक्षात आलं नाही.”

“आता येईल. आता राजपत्रात आहे.”

सुरी थांबली. शरच्चंद्रांना त्या क्षणी कळलं, की दोघी एकच आहेत हे सिद्ध करण्याच्या नादात त्यांनी बायकोला स्वतःविरुद्ध साक्षीदार करून ठेवलं होतं. तेरा निबंधांतले दोन एकमेकांना खोडत होते, आणि उद्या त्याचा जाब विचारला जाणार होता.

मुलाखत घेणारे तिघे होते. कॉलेजचे अधिष्ठाता, ट्रस्टचे एक विश्वस्त आणि नागपूरहून आलेले एक वयस्क तज्ज्ञ. नागपूरच्या तज्ज्ञांनी उमेदवारांचे निबंध प्रत्यक्ष वाचले होते, आणि असं पूर्वी कधी घडलं नसल्यामुळे बाकीचे दोघे थोडे अस्वस्थ होते. शरच्चंद्र बाहेरच्या बाकावर फाइल मांडीवर घेऊन बसले होते. तिच्यात राजपत्र, प्रतिज्ञापत्राच्या उरलेल्या चार प्रती आणि चूक कशी झाली याचं रकानेवार स्पष्टीकरण होतं, दोन पानी.

दहा मिनिटांनी दार उघडलं आणि पोपटराव बाहेर डोकावले. “साहेब, आत या. विश्वस्तांस्नी साक्षीदार पायजे. कॉम्प्युटर म्हनतोय बाईंचा अनुभव शून्य.”

आत सुहासिनीबाई सरळ बसल्या होत्या. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं नाही.

“तुम्ही डॉ. नम्रता ओगले यांना ओळखता?” विश्वस्तांनी विचारलं.

“हो.”

“आणि डॉ. सुहासिनी रिसबूड यांना?”

“हो.”

“कसं काय?”

“एकीशी माझं लग्न ठरलं होतं,” शरच्चंद्र म्हणाले, “आणि दुसरीशी झालं.”

विश्वस्तांनी हे कागदावर लिहून घेतलं आणि मग खोडलं. “म्हणजे दोघी?”

“एकच. मी फक्त ताटात नाव लिहिलं.”

“आणि हा राजपत्राचा फॉर्म? हा उलटा कोणी भरला?”

शरच्चंद्रांनी फाइल उघडली. दोन पानी स्पष्टीकरण वरच होतं. त्यात ‘सापडले तसे’ आणि ‘हवे तसे’ यांचा इतिहास होता, आणि शेवटी दोष छपाईच्या पद्धतीवर नेऊन ठेवला होता. त्यांनी ते हातात घेतलं. मग बायकोकडे पाहिलं. ती उद्यापासून अभिनवच्या मोठ्या स्क्रीनवर काम करणार की नाही, हे या खोलीत ठरत होतं, आणि इथे दोन पानं वाचायला कोणाला वेळ नव्हता.

“मी,” ते म्हणाले. “माझी चूक झाली.”

हे वाक्य ते आयुष्यात पहिल्यांदा बोलत होते. त्याला अपेक्षेपेक्षा कमी वेळ लागला.

“छान,” नागपूरचे तज्ज्ञ म्हणाले. “बसा तुम्ही. डॉक्टर, यांनी आपलं सांगितलं. आता तुमचं बघू. १९८२ मध्ये ओगले म्हणतात, किरणांनी आतडं बिघडतं, किरणोपचारवाले जरा जपून द्या. १९९६ मध्ये रिसबूड म्हणतात, ओगलेंनी घाई केली, बऱ्याच जणींना जुना आमांशच होता. आता सरकार म्हणतं, दोघी एकच. मग चूक कोणाची?”

अधिष्ठात्यांनी घड्याळाकडे पाहिलं. शरच्चंद्रांनी फाइलची नाडी बोटाला गुंडाळली.

“ओगलेंची,” सुहासिनीबाई म्हणाल्या. “एकोणीस पेशंट होत्या आणि तुलनेला कोणी नव्हतं. एवढ्यावर असं म्हणता येत नाही.”

“म्हणजे रिसबूड बरोबर.”

“नाही. रिसबूडही चुकल्या. एकशे बारा पेशंट पाहिल्या, पण सहा महिनेच. हा त्रास दोन-तीन वर्षांनी सुरू होतो. त्या मी अजून बघतेय. एकशे बारामधल्या एकवीस जणी पुन्हा आल्या, पोट धरून. आमांश नव्हता.”

“हे छापलंत?”

“अजून नाही. पुढच्या वर्षी छापीन. म्हणजे ओगलेंचा निष्कर्ष बरोबर होता आणि पुरावा चुकीचा. रिसबूडांचा पुरावा बरा होता आणि निष्कर्ष चुकीचा.” त्यांनी पर्स उघडली. “पण सर, नुसतं छापून पुढच्या जणींचं आतडं वाचत नाही. त्यासाठी यंत्र बदलायला हवं. कोणतं, ते मी लिहून आणलंय.”

त्यांनी एक कागद पुढे सरकवला. नागपूरच्या तज्ज्ञांनी तो वाचला आणि अधिष्ठात्यांकडे दिला.

नंतर डॉ. अभिनव आत गेले. तिथे काय झालं ते पोपटरावांनी शरच्चंद्रांना संध्याकाळी सांगितलं.

“नागपूरवाल्यांनी इचारलं, तुमच्या बावीस पेपरात चुकलेला कोनता? तर म्हनले, सर, एकबी नाय. मग इचारलं, समदे वाचलेत का? तर म्हनले, सर, ऑथर हाय ना मी.” पोपटरावांनी पानाची डबी काढली. “पोरगं हुशार हाय. पन अजून चुकलेलं नाय.”

आठ दिवसांनी नेमणुकीचं पत्र आलं. ते प्राध्यापक डॉ. नम्रता विनायक ओगले यांच्या नावाने होतं. पोस्टमन ते तळमजल्यावर घेऊन थांबला, कारण त्याच्या माहितीप्रमाणे या नावाचं तिथे कोणी राहत नव्हतं. गोदाबाईंनी सही करून पत्र घेतलं आणि स्वतः तीन जिने चढून वर आल्या.

“शरद, तिचं पत्र इथेच आलंय रे. म्हणजे अजून काही बिघडलेलं नाही!”

संध्याकाळी शरच्चंद्रांनी दुरुस्तीचा फॉर्म टेबलावर ठेवला. या वेळी तो त्यांनी भरल्यावर सृष्टीला दाखवला होता, श्यामरावांना दाखवला होता आणि कोणताही कमीपणा न मानता खाली जाऊन गोदाबाईंनाही दाखवला होता. डावीकडे नम्रता विनायक ओगले. उजवीकडे सुहासिनी शरच्चंद्र रिसबूड.

“सही कर. वाचून कर.”

बाईंनी चष्मा लावला आणि खरंच वाचला, स्वल्पविरामासकट. “बिनचूक आहे,” त्या म्हणाल्या.

“मग?”

त्यांनी पेनाचं टोपण लावलं. “अहो, छापलेला पेपर मागे कधी घेतात माहितीये? त्यात लबाडी असेल तर. नुसती चूक असेल तर राहू देतात. पुढच्याला कळावं म्हणून.”

“म्हणजे?”

“राहू दे. सहा वर्षांनी निवृत्त होईन, तेव्हा बघू. पुढचा पेपरही मला ओगलेंच्या नावाने लिहायचाय. रिसबूडांना उत्तर द्यायला तीच बरी.”

शरच्चंद्र फॉर्मकडे बघत उभे राहिले. आयुष्यातला एक निर्दोष फॉर्म त्यांच्या हातात होता आणि तो कोणालाच नको होता.

“पण मग घरात,” ते म्हणाले, “म्हणजे रोजच्याला... मी तुला काय म्हणायचं? सुहासिनी की नम्रता?”

बाईंनी चष्मा काढला.

“सव्वीस वर्षांत तुम्ही मला नावाने हाक कधी मारलीत?”

शरच्चंद्रांनी प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. लग्नातलं ताट आठवलं, आत्याचं कोपर आठवलं, जिना आठवला, स्वयंपाकघर आठवलं, सृष्टीच्या वेळचं हॉस्पिटल आठवलं.

“अगं...” ते म्हणाले, आणि थांबले.